कांदा दिल्लीच्या हातात, द्राक्षं रामभरोसे

पुण्यात अर्थशास्त्र शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न थोडक्यात असा आहे: "खुल्या बाजाराचे समर्थक म्हणतात, सरकारने शेतमालाच्या बाजारातून अंग काढून घेतलं की शेतकऱ्याचं भलं होईल. आमच्या वर्गात बहुतेकांना उलट वाटतं. सरकार बाजूला झालं तर व्यापारी शेतकऱ्याला गिळून टाकतील. तुम्ही प्रत्यक्ष या धंद्यात आहात, तुमचा अनुभव काय? आणि प्रकल्पासाठी लासलगावला आले तर नेमकं काय बघू?"

मी निफाड तालुक्यातला. घरची साडेचार एकर जमीन. दोन एकरांवर थॉमसन द्राक्ष, बाकीच्यात कांदा आणि पोटापुरते गहू. अकरा वर्षं एका कांदा निर्यातदाराकडे हिशोब आणि शिपिंगचे कागद बघितले, आणि गेली नऊ वर्षं गावच्या शेतकरी उत्पादक कंपनीचा कारभार बघतो. विकणारा, लिहिणारा आणि विकत घेणारा, तिन्ही झालो. त्यामुळे तुमच्या वर्गातल्या वादात मला एकाही बाजूला धड बसता येत नाही, हे आधीच सांगतो. पण कौल द्यायचाच तर तो खुल्या बाजाराला. का, आणि कुठे माझी गाडी अडते, ते लिहितो.

"सरकार हवं की नको" हा प्रश्न घेऊन बसलात तर चार तास चर्चा होईल आणि हाती काही लागणार नाही. आमच्या तालुक्यात एकाच बांधाच्या दोन बाजूंना दोन पिकं उभी असतात. कांदा आणि द्राक्ष. शेतकरी तोच, पाणी तेच, सोसायटीचं कर्ज तेच. पण कांद्याच्या बाजारात सरकार पावलोपावली आहे आणि द्राक्षाच्या बाजारात जवळजवळ नाही. प्रयोगशाळेत मांडावा तसा हा प्रयोग गेली कित्येक वर्षं इथे चालू आहे. तो बघा.

आधी कांदा. आमच्याकडे उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो आणि चाळीत जातो. चाळ म्हणजे जमिनीपासून उचललेला, दोन्ही अंगांनी वारा खेळता ठेवलेला लांबट सांगाडा. त्यात कांदा ऑक्टोबरपर्यंत, फार तर नोव्हेंबरपर्यंत टिकतो. टिकतो म्हणजे काय, तर दर महिन्याला वजन घटतं, पावसाळ्यात काजळी धरते, काही सडतो, शेवटी कोंब फुटतात. एप्रिलमध्ये शंभर क्विंटल भरला तर ऑक्टोबरात पासष्ट-सत्तर निघाला तरी चाळ चांगली गेली म्हणायचं. ही घट शेतकरी कशासाठी सोसतो? पुढे भाव चढेल या एका आशेवर. ऑगस्ट ते ऑक्टोबर नवा लाल कांदा येईपर्यंत बाजारात माल कमी असतो, तेव्हा चढा भाव मिळाला तरच चाळीचा खर्च निघतो. आणि नेमक्या त्याच वेळी दिल्लीला जाग येते.

१४ सप्टेंबर २०२०, सोमवार. आमच्या कंपनीने एका निर्यातदाराला बांगलादेशासाठी माल दिला होता. संध्याकाळी त्याच्या ऑफिसातून फोन आला, "निर्यात बंद." विदेश व्यापार महासंचालनालयाची अधिसूचना निघाली होती, आणि ती त्याच क्षणापासून लागू होती. आठ दिवसांची मुदत नाही की झालेल्या सौद्यांना सूट नाही. माल सीमेवर ट्रकमध्ये उभा, कंटेनर उरणच्या बंदरात. कांदा काही लोखंड नव्हे. ताडपत्रीखाली चार दिवस उभा राहिला की घाम येतो, वास सुटतो. पुढे काही माल सोडला, पण तोवर त्यातला बराचसा फेकायच्या लायकीचा झाला होता. दुसऱ्या दिवशी लिलावात क्विंटलमागे काही शे रुपये उतरले आणि ज्यांनी एप्रिलपासून चाळ सांभाळली होती ते ट्रॉलीवर बसून एकमेकांची तोंडं बघत होते.

तारीख मुद्दाम दिली. त्याच दिवशी लोकसभेत शेतीची विधेयकं मांडली गेली, शेतकऱ्याला बाजाराचं स्वातंत्र्य देणारी म्हणून. दुसऱ्या दिवशी, १५ सप्टेंबरला, आवश्यक वस्तू कायद्यातली दुरुस्ती लोकसभेने मंजूर केली. कांदा-बटाट्यावरच्या साठेबंदीतून मुक्ती, असा तिचा गाजावाजा होता. एका खिडकीतून स्वातंत्र्य देत होते, दुसऱ्या खिडकीतून काढून घेत होते. दुरुस्तीत अट होती की फळं-भाज्यांचा किरकोळ भाव दुपटीवर गेला तरच साठ्यावर मर्यादा घालायची. ऑक्टोबरअखेर तीही घातली: घाऊक व्यापाऱ्याला २५ टन, किरकोळवाल्याला २ टन. आमच्याकडचा मध्यम व्यापारीसुद्धा एका सकाळी याहून जास्त माल उचलतो. मग त्याने लिलावात उतरायचं तरी कसं? साठेबाजाला आळा घालायला काढलेल्या आदेशाने पहिला फटका शेतकऱ्याच्या बोलीला बसला.

हे एकदाच झालं असतं तर अपघात म्हणून सोडलं असतं. सप्टेंबर २०१९ मध्ये आधी टनाला ८५० डॉलरची किमान निर्यात किंमत, म्हणजे त्याहून स्वस्त माल बाहेर पाठवायचा नाही, मग महिनाअखेरीस पूर्ण बंदी. ती मार्च २०२० ला उठली. सप्टेंबर २०२० ला पुन्हा बंदी, जानेवारी २०२१ ला उठली. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क, ऑक्टोबरअखेर ८०० डॉलरची किमान किंमत, ८ डिसेंबरपासून बंदी. मे २०२४ मध्ये, ऐन लोकसभेच्या मतदानात, ती उठली, पण ५५० डॉलरची किमान किंमत आणि ४० टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबरमध्ये किमान किंमत गेली आणि शुल्क २० टक्क्यांवर आलं. शुल्क पूर्ण गेलं १ एप्रिल २०२५ ला. यात कुठला नियम दिसतो का बघा. मला एकच दिसतो. शहरात कांदा महागला आणि निवडणूक जवळ असली की बंदी, आणि निवडणूक कांद्याच्या पट्ट्यात आली की ढील. १९९८ साली दिल्ली राज्यातलं सरकार निवडणुकीत हरण्यात कांद्याचा हात होता, ती धास्ती अजून कोणाच्या डोक्यातून गेलेली नाही.

परदेशी गिऱ्हाईक आपल्याकडे कसं बघतं हे मी फोनवर ऐकलंय. ढाक्याचा आयातदार भाव विचारायच्या आधी विचारायचा, "भाई, बंद तो नहीं होगा?" २०१९ च्या ऑक्टोबरात शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या. भर कार्यक्रमात त्या हसत म्हणाल्या की आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं, मी स्वयंपाक्याला जेवणात कांदा बंद करायला सांगितलंय. सभागृह हसलं. पण त्यानंतर बांगलादेशाने स्वतःचा कांदा वाढवायला जोर लावला आणि आपल्या नागपुरी संत्र्यावरचं आयात शुल्क टप्प्याटप्प्याने चढवलं. वरुड-मोर्शीच्या बागायतदाराने कांद्याचं काय बिघडवलं होतं? एका पिकाच्या बंदीची वसुली दुसऱ्या पिकाकडून झाली, असं तिकडचे लोक सरळ म्हणतात. आम्ही मागे हटलो की पाकिस्तान, चीन, इजिप्त यांचा माल दुबई-मलेशियात शिरतो. एकदा दुकानदाराने दुसरा पुरवठादार धरला की तो दहा पैशांसाठी परत येत नाही.

हे सगळं शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी चाळीस वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय, त्यामुळे मी काही नवं सांगतोय असं समजू नका. स्वित्झर्लंडमधली टपाल संघटनेची नोकरी सोडून ते १९७७ मध्ये चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन शेती करायला बसले, आणि पहिलं आंदोलन उभं राहिलं ते चाकणच्या कांद्याचं. १९८० च्या नोव्हेंबरात आमच्या जिल्ह्यात ऊस-कांद्याचं आंदोलन पेटलं, खेरवाडीला शेतकरी रेल्वेच्या रुळांवर बसले. माझे वडील त्यात होते. त्यांना 'उदारीकरण' हा शब्द माहीत नव्हता, पण "भीक नको, हवे घामाचे दाम" हे पाठ होतं. त्या घोषणेचा अर्थ लोक निम्माच घेतात. घामाचे दाम म्हणजे सरकारने दाम द्यावेत, असा. जोशींचं म्हणणं वेगळं होतं. सरकार शेतकऱ्याला देत नाही, उलट त्याच्याकडून घेतं, आणि ते घेणं थांबवा. याला ते उणे सबसिडी म्हणायचे. सगळे डाव्या-उजव्या बाजूने जागतिक व्यापार खुला करणाऱ्या डंकेल प्रस्तावाला शिव्या घालत असताना हा माणूस त्याच्या बाजूने उभा राहिला, तो याच हिशोबावर.

हिशोब सोपा आहे. बंदरावर ज्या भावाने माल जाऊ शकला असता तो भाव धरा, त्यातून वाहतूक-हाताळणी वजा करा, आणि शेतकऱ्याला प्रत्यक्ष मिळालेला भाव शेजारी मांडा. फरक उणे आला तर तेवढी रक्कम शेतकऱ्याच्या खिशातून गेली. खतावरची, विजेवरची सबसिडी मग त्यात मिळवा. २०१८ मध्ये ओईसीडी ही मुख्यतः श्रीमंत देशांची संघटना आणि दिल्लीच्या इक्रियर संस्थेने हा हिशोब मांडला, तेव्हा २००० ते २०१६ च्या काळात भारतीय शेतकऱ्याला मिळालेला एकूण आधार त्याच्या ढोबळ उत्पन्नाच्या सरासरी उणे १४ टक्के निघाला. सगळी अनुदानं धरूनसुद्धा उणे. जोशींना कितीतरी वर्षं लोक वेडा म्हणत होते.

कापूस एकाधिकार योजना तुमच्या अभ्यासक्रमात आहे की नाही माहीत नाही, नसली तर स्वतः वाचा. १९७१ चा कायदा, १९७२ पासून खरेदी. महाराष्ट्रातला सगळा कापूस सरकारनेच घ्यायचा, शेतकऱ्याने दुसऱ्या कोणाला विकायचा नाही. हेतू उत्तमच होता, व्यापाऱ्याच्या तावडीतून सुटका. झालं असं की बाहेर भाव पडला की शेजारच्या राज्यांतला कापूस इकडे यायचा आणि बाहेर भाव चढला की इकडचा कापूस रात्री तिकडे जायचा. स्वतःच्या शेतातला कापूस स्वतःच्या बैलगाडीत घालून सीमा ओलांडणारा माणूस तस्कर ठरायचा. आमचे यवतमाळकडचे पाहुणे सांगायचे, नाक्यावर चिरीमिरी द्यायची आणि आदिलाबादकडे निघायचं. चुकारे मात्र हप्त्याहप्त्याने. व्यापाऱ्याने पैसे थकवले तर त्याच्या दारात बसता येतं, कापूस खरेदी करणाऱ्या महासंघाचं दार कुठलं?

एवढं ऐकलं की खुल्या बाजाराचे समर्थक माझ्या पाठीवर थाप मारतात. म्हणून आता द्राक्षं.

द्राक्षाला हमीभाव नाही. माझ्या आठवणीत त्याच्यावर निर्यातबंदी कधी आली नाही. माल बाजार समितीत फारसा जात नाही, व्यापारी बागेत येतो, घड बघतो, मणी मोजतो, रिफ्रॅक्टोमीटरने गोडी बघतो आणि जागेवर भाव ठरतो. या मोकळीकीचं फळ बघा. निफाड-दिंडोरीचा शेतकरी, जो एरवी सोसायटीच्या सचिवाला घाबरतो, तो युरोपच्या सुपरमार्केटला माल पुरवायला लागला. सरकारने इथे एकच काम केलं, आणि ते चांगलं केलं. २००३ मध्ये युरोपात आपली द्राक्षं औषधांच्या अंशामुळे अडकली. त्यानंतर अपेडा या शेतमाल निर्यातीचं काम बघणाऱ्या सरकारी संस्थेने प्रत्येक बागेची नोंद, नमुन्याची तपासणी आणि पेटीपासून बागेपर्यंत माग काढता येईल अशी ग्रेपनेट नावाची व्यवस्था उभी केली. मांजरीचं द्राक्ष संशोधन केंद्र त्याची मुख्य प्रयोगशाळा. २०१० मध्ये लिहोसिनचं प्रकरण झालं. वाढ रोखायला मारायच्या औषधाचे अंश युरोपात सापडले, कंटेनर अडकले, कित्येकजण कर्जात गेले. पण दिल्लीने द्राक्ष निर्यातीवर बंदी घातली नाही. तपासायच्या औषधांची यादी वाढवली. पुढच्या हंगामात आमच्या फवारणीच्या वह्या बदलल्या. नियम कडक होता, पण छाटणीच्या आधी माहीत होता. मला नियमाचं वावडं नाही, माल चाळीत भरून झाल्यावर आलेल्या नियमाचं आहे.

आता दुसरी बाजू. माझ्या चुलतभावाची बाग एका परप्रांतीय व्यापाऱ्याने घेतली. पहिल्या दोन गाड्यांचे पैसे रोख, तेही ठरल्यापेक्षा एक दिवस आधी. तिसऱ्या गाडीला निम्मे, "बाकीचे सोमवारी, भैया." चौथी-पाचवी गाडी उधार. सोमवारी मोबाइल बंद. पिंपळगावात त्याने भाड्याने घेतलेल्या खोलीवर गेलो तर एक प्लॅस्टिकची खुर्ची आणि रिकामे खोके. पावणेचार लाख. कागद म्हणून काय होतं? वहीच्या पानावर वजनं आणि त्याची सही, तीसुद्धा वाचता न येणारी. पोलीस ठाण्यात म्हणाले, हा दिवाणी मामला आहे. वकील म्हणाला, पाच-सात वर्षं धरून चाला. भाऊ पुढच्या छाटणीला सोसायटीकडे गेला आणि विषय संपला.

हे अपवादाने घडत नाही. दर हंगामात घडतं, इतकं की २०२०-२१ मध्ये नाशिक परिक्षेत्राच्या पोलिसांना फसवणूक करणाऱ्या व्यापाऱ्यांकडून वसुलीची खास मोहीम काढावी लागली. त्या मोहिमेत लोकांना खरोखर पैसे मिळाले. पण एखादा अधिकारी मनावर घेईल तेव्हाच पैसे मिळणार असतील, तर त्याला व्यवस्था म्हणता येत नाही.

खुल्या बाजाराच्या पुस्तकांत करार पाळला जाणं गृहीत धरलेलं असतं, पहिल्याच पानावर, एका वाक्यात. आमच्याकडे तेच एक वाक्य गायब आहे. बाजार समितीत निदान परवाना असतो, तारण असतं, समितीच्या सचिवाकडे ओरडता येतं. शिवारात कोणाकडे ओरडणार?

म्हणजे कांद्यात भाव दिल्ली पाडते पण पैसे बहुधा मिळतात. द्राक्षात भाव आपला आपण ठरवतो पण पैसे मिळतील की नाही हे नशिबावर. सरकार कमी-जास्त असण्याचा हा प्रश्न नाही, ते चुकीच्या जागी उभं आहे. जिथे भाव ठरतो तिथून त्याने उठावं आणि जिथे पैसे बुडतात तिथे येऊन बसावं. माझं सगळं म्हणणं एवढंच, बाकीचं त्याचं स्पष्टीकरण.

आणि एक गैरसमज काढून टाका. व्यापाऱ्याला खुला बाजार आवडतो हा तो गैरसमज. मी त्यांच्यात अकरा वर्षं बसलोय. जुन्या व्यापाऱ्याला बंद आवार आवडतं, कारण नव्याला गाळा मिळत नाही. परवाने शेकड्यांनी असतात, पण लिलावात खरोखर बोलणारे दहा-बारा, बाकीचे त्यांच्यासाठी किंवा त्यांच्या मागे. स्पर्धा आयोगाने २०१२ च्या सुमारास कांद्याच्या बाजारांचा अभ्यास करून घेतला होता, त्यातही मोठी उलाढाल मोजक्या हातांत असल्याचं दिसलं. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून सोडवला आणि आडत, म्हणजे आडत्याचं कमिशन, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरवलं. लिलाव कोणी बंद पाडले? व्यापाऱ्यांनी. उदारीकरणाच्या विरोधात संपावर गेलेले भांडवलदार बघायचे असतील तर तेव्हाची वर्तमानपत्रं काढा.

यावर तुमचे वर्गमित्र म्हणतील, मग २०२० चे शेती कायदे चांगले होते का? दिशा बरोबर होती, बांधणी कच्ची. आवाराबाहेर फक्त पॅन कार्ड असलेला कोणीही खरेदी करू शकेल, असं त्यात होतं. द्राक्षवाल्यांना विचारा पॅन कार्ड म्हणजे काय संरक्षण! पैसे त्याच दिवशी किंवा तीन दिवसांत द्यायचे, नाही दिले तर प्रांताधिकाऱ्याकडे जायचं, दिवाणी न्यायालयाचा दरवाजा बंद. आमचा प्रांत म्हणजे भूसंपादन, निवडणूक, टंचाई, जातीचे दाखले आणि वर मंत्र्यांचा दौरा. त्याच्या टेबलावर माझ्या भावाच्या पावणेचार लाखांचा नंबर कधी लागणार? शिवाय आवाराच्या आत बाजार फी आणि बाहेर काहीच नाही, ही शर्यत एकाच्या पायात धोंडा बांधून लावलेली. आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे कोणाला न विचारता अध्यादेश काढला. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये कायद्यांना स्थगिती दिली, समिती नेमली, तिच्यात शेतकरी संघटनेचे अनिल घनवट होते. अहवाल न्यायालयाकडे पडून राहिला आणि नोव्हेंबरात सरकारने कायदेच मागे घेतले. शेवटी घनवटांनी मार्च २०२२ मध्ये अहवाल स्वतः जाहीर केला. मला त्या माघारीचं वाईट वाटलं. दुरुस्त करण्याजोगं घर पाडून टाकल्यासारखं झालं, आणि आता पुढची वीस वर्षं कोणी या विषयाला हात लावायचा नाही.

हमीभावाबद्दल थोडक्यात. कांदा त्या यादीतच नाही. जी पिकं आहेत त्यांतही प्रत्यक्ष हमीभावाने सरकारला विकणारे सहाएक टक्के शेतकरी, असं शांताकुमार समितीने २०१५ मध्ये सांगितलं. मोठी खरेदी पंजाब-हरियाणासारख्या मोजक्या राज्यांत होते, चर्चा सगळीकडे होते. कांद्यात नाफेड ही सहकारी संस्था सरकारच्या राखीव साठ्यासाठी खरेदी करते. ऑगस्ट २०२३ मध्ये शुल्क लावल्यावर लोक भडकले, तेव्हा २,४१० रुपये क्विंटलने खरेदी जाहीर झाली. पण तो साठा बाहेर कधी काढतात? भाव चढला की, शहरांत स्वस्तात. २०२३ मध्ये तो २५ रुपये किलोने विकला. म्हणजे आमच्याकडून घेतलेला कांदा आमच्याच डोक्यात घालायला ठेवलेला असतो.

"पण गरिबाने महाग कांदा खायचा का?" हा प्रश्न प्रामाणिक आहे, त्याला टाळू नका. उत्तर असं की गरिबाला मदत करायची तर ती सरकारी तिजोरीतून करावी, खात्यात पैसे घालावेत. आज ती मदत निफाडच्या तीन एकरवाल्याच्या खिशातून होते, आणि तिचा फायदा बंगल्यात राहणाऱ्यालाही मिळतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा विकला. किलोला एक रुपया. हमाली, तोलाई, गाडीभाडं जाऊन हातात दोन रुपयांचा चेक. तेव्हा कोणाला वाटलं नाही की शहरातल्या ग्राहकाने थोडं जास्त द्यावं. राज्य सरकारने पुढे क्विंटलला ३५० रुपये अनुदान दिलं, त्यासाठी सातबाऱ्यावर पिकाची नोंद हवी होती आणि बऱ्याच लोकांची तलाठ्याकडे नोंदच नव्हती. भाव पाडायचा, मग अनुदान द्यायचं, मग अनुदानाच्या रांगेत उभं करायचं. वडिलांच्या घोषणेतली भीक ती हीच.

मला कोणी विचारलंच तर निर्यातीबद्दल एवढंच मागेन: बंदी घालायचीच नाही, फार झालं तर शुल्क, तेही पेरणीच्या आधी जाहीर केलेल्या भावपातळीवर आपोआप लागणारं, आणि झालेल्या सौद्यांना न लागणारं. वायदेबाजार, म्हणजे पुढच्या महिन्यांच्या मालाचे सौदे आजच होतात तो बाजार, चालू द्यावा. डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीन, हरभऱ्यासह सात वस्तूंचे वायदे सेबी या बाजार नियामकाने थांबवले, लातूरच्या शेतकऱ्याला पुढच्या तीन महिन्यांचा अंदाज देणारी एकमेव खिडकी त्यामुळे बंद झाली. थर्मामीटर फोडून ताप उतरत नसतो. आणि शिवारात खरेदी करणाऱ्या प्रत्येकाकडून बँक हमी, ती जिथे कळेल असं सार्वजनिक यादीपत्रक, आणि तालुक्याला एक असा अधिकारी ज्याला शेतमालाच्या थकबाकीखेरीज दुसरं कामच नाही. यात एकही गोष्ट खर्चिक नाही. खर्चिक नाही म्हणूनच बहुधा होत नाही, उद्घाटन कशाचं करणार?

आता तुमचा प्रकल्प. लासलगावला सगळे येतात, लिलावाचे फोटो काढतात आणि जातात. लिलाव बघाच, एप्रिल-मेमध्ये या, सकाळी नऊच्या आत. ट्रॅक्टरच्या रांगांमधून व्यापाऱ्यांचा घोळका चालत येतो, एकजण ट्रॉलीवर चढून कांदे उकरतो, कोणी मान दाबून बघतो, बोली अर्ध्या मिनिटात संपते, चिठ्ठीवर भाव पडतो. पण खरा अभ्यास दुपारी आहे. चिठ्ठी घेऊन ट्रॅक्टर व्यापाऱ्याच्या खळ्यावर, म्हणजे माल उतरवायच्या जागेवर जातो. काट्यावर वजन होतं, माल खाली ओतायला सुरुवात होते, अर्धी ट्रॉली रिकामी झाली की मुनीम येतो आणि म्हणतो, "भाऊ, खाली जोड निघाला, डेंगळं दिसताहेत. शंभर कमी लावतो." जोड म्हणजे जुळा कांदा, डेंगळं म्हणजे फुलाचा दांडा आलेला. या तक्रारीला वांधा म्हणतात. अर्धा माल जमिनीवर, अर्धा ट्रॉलीत, ट्रॅक्टर भाड्याचा, हमाल हात बांधून उभे, घर वीस किलोमीटरवर. कधी माल खरंच वाईट असतो, वरची गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, काढून चांगला लावलेला असतो आणि खाली मातेरं. कधी सकाळी लावलेला भाव दुपारी जड झालेला असतो, बाकी काही नाही. मुनीम असताना अशा कमी केलेल्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या पावत्या, मी स्वतः लिहिल्या आहेत, दोन्ही प्रकारच्या. नियमाने समितीचा माणूस बोलावता येतो. किती शेतकरी बोलावतात, किती शंभरावर नाही तर पन्नासावर तोडतात, किती मुकाट्याने "लावा" म्हणतात, हे मोजा. महिनाभर एका खळ्याच्या कडेला बसून चिठ्ठीवरचा भाव आणि पट्टीवरचा भाव शेजारी-शेजारी लिहून काढा. हमाली, तोलाई, वाराई वेगळ्या रकान्यात. मग फेब्रुवारीत परत या आणि पिंपळगाव, ओझर, दिंडोरीच्या वीसेक द्राक्षवाल्यांकडे जाऊन एवढंच विचारा, मागच्या हंगामाचे किती पैसे यायचे राहिले. वही सोबत आणा, बायका घरात असतील तर त्यांनाही विचारा, आकडा बहुधा त्यांनाच नीट माहीत असतो. खळ्यावर ओळख लागेल. बसायला जागा मिळवून देणं माझ्याकडे लागलं. चहा मात्र मुनीमच पाजेल, आणि तो घेतल्यावरही आकडे बरोबर लिहा.